आलं ओलं, शिजलेलं आणि सुकलेलं: आलेपाकापासून काकवीच्या केकपर्यंत

प्रश्न असा आहे: आलेपाकाच्या वड्या एकदा चिकट राहतात, तर पुढच्या खेपेला ताटातच भुगा होतो. केकमध्ये भरपूर आलं घालूनही चव लागत नाही. चहात आलं घातलं की कधीकधी दूध फाटतं. आलं कोणतं घ्यावं, किती घ्यावं आणि कधी घालावं?

वड्यांचा प्रश्न मुख्यतः पाकाचा आहे, पण बाकी दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. ओलं आलं, शिजलेलं आलं आणि सुंठ हे आपण एकाच जिनसाचे तीन अवतार समजतो. स्वयंपाकात मात्र ते तीन वेगळे जिन्नस म्हणून वागतात.

ओल्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्यामुळे असतो. आलं शिजवलं की त्यातल्या काही जिंजेरॉलचं झिंजेरोन होतं. ते सौम्य आणि किंचित गोडसर असतं, म्हणून तासभर उकळलेल्या रश्शातलं आलं जिभेला चावत नाही. आलं वाळवलं की जिंजेरॉलमधून पाणी निघून शोगाओल बनतं आणि ते जिंजेरॉलपेक्षाही जहाल असतं. म्हणून सुंठ घशात उतरल्यावर मागून जाळते. पण वाळताना लिंबासारखा ताजा सुवास बराचसा उडून जातो. म्हणजे सुवास हवा तर ओलं आलं, ऊब आणि जाळ हवा तर सुंठ, आणि दोन्ही हवं तर दोन्ही. एकाच्या जागी दुसरं घालून चालत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे ओल्या आल्यातलं झिंजिबेन नावाचं विकर (एन्झाइम), जे प्रथिनं तोडतं. दूध फाटणं, मटण मऊ होणं आणि जिलेटिनची जेली न धरणं ही सगळी त्याचीच कामं. ते 60 अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत जोरात चालतं आणि उकळीला निकामी होतं. एवढं लक्षात ठेवलं की चहाचा प्रश्न लगेच सुटतो. ठेचलेलं आलं आधी नुसत्या पाण्यात घाला, पाणी तीन-चार मिनिटं खळखळ उकळू द्या, मग साखर आणि पावडर घाला आणि दूध शेवटी. कोमट दुधात आलं किसून मग पातेलं गॅसवर ठेवलं, तर दूध गरम होता होता नेमकं त्या 60-70 अंशांतून सावकाश जातं आणि फुटतं. बासुंदीत किंवा खिरीत आल्याचा स्वाद हवा असेल तरी हेच करायचं. रस दोन चमचे पाण्यात वेगळा उकळून घ्यायचा आणि मग दुधात घालायचा.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून एक गोड पदार्थ करतात. एका वाडग्यात जून आल्याचा ताजा रस 1 टेबलस्पून घ्यायचा. 200 मिली म्हशीच्या दुधात 1 टेबलस्पून साखर घालून ते उकळवायचं, साधारण 70 अंशांवर येऊ द्यायचं आणि थोड्या उंचीवरून एका दमात रसावर ओतायचं. ढवळायचं नाही, वाडगं हलवायचं नाही. पाच-दहा मिनिटांत ते खरवसासारखं थरथरतं, चमचा तरंगेल इतकं घट्ट लागतं. नाही लागलं तर बहुधा दूध जास्त गरम होतं, आलं कोवळं होतं किंवा रस काढून बराच वेळ झाला होता. आपल्याकडे म्हशीचं पूर्ण सायीचं दूध सहज मिळतं, त्यामुळे हा पदार्थ आपल्या घरी छान जमतो. खरवसासाठी चीक मिळत नसेल तेव्हा तर जरूर करून पाहा.

आता आलेपाक. प्रमाण वजनात देते, कारण ‘दोन इंच आलं’ या मापाला काही अर्थ नाही. सोललेलं आलं 200 ग्रॅम, साखर 450 ग्रॅम, तूप 1 टेबलस्पून, दाट साय किंवा दूध 50 मिली, दुधाची पावडर 3 टेबलस्पून. वेलची घालू नये असं माझं मत आहे, ती आल्याशी भांडते. एवढ्यात एक सेंटिमीटर जाडीच्या साठेक छोट्या वड्या होतात.

आलं निवडताना नख लावून पाहा. साल पातळ असेल आणि अंगठ्याने खरवडली जात असेल तर ते कोवळं. ते रसाळ असतं आणि त्यात दोरे कमी असतात. साल जाड, राखाडी आणि मोडल्यावर दोरे लोंबत असतील तर ते जून. वड्यांसाठी मधलं घ्या. फार कोवळ्यात तिखटपणा पुरत नाही आणि पाणी आटवायला वेळ लागतो, फार जून असेल तर वडी खाताना तोंडात चोथा राहतो. साल सुरीने काढू नका, चमच्याच्या कडेने खरवडा. सुवासाचा बराच अंश सालीलगत असतो आणि सुरी तो कापून टाकते. मग दोऱ्यांना आडव्या, अगदी पातळ चकत्या करा आणि त्यानंतरच मिक्सरला लावा. उभे तुकडे टाकले की दोरे पात्याला गुंडाळतात आणि कितीही फिरवलं तरी तसेच राहतात. वाटताना पाण्याऐवजी मोजलेल्या साखरेतली दोन चमचे साखर घाला, तिने आल्याला आपोआप पाणी सुटतं.

जाड बुडाच्या कढईत तूप घालून हे वाटण मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. बऱ्याच घरांत आलं थेट दुधात वाटतात. त्याने दूध फुटतं आणि वडीत रबरासारखे कण येतात. आधी परतून घेतलं की झिंजिबेन निकामी होतं आणि कच्चा, ओलसर वासही जातो. परतताना कढईचं बूड सोडू नका. आल्यात पिष्ट (स्टार्च) असतं, ते चटकन चिकटून करपतं, आणि त्या करपलेल्या भागाचा कडवटपणा अख्ख्या घाण्यात उतरतो. मग उरलेली साखर घाला. ती विरघळून मिश्रण पातळ होईल. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत आटवा. कढईच्या कडांना उडालेली साखर ओल्या ब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसून आत घ्या. तिथे सुकलेले साखरेचे दाणे शेवटी पाकात पडले की वडी खरखरीत होते. मिश्रण दाट झालं की साय आणि दूध पावडर (गुठळी मोडून) घाला.

यानंतरची तीन मिनिटं सर्वांत महत्त्वाची. थर्मामीटर असेल तर 116 ते 118 अंशांवर गॅस बंद करा. नसेल तर गार पाण्याच्या वाटीत एक थेंब टाका. बोटांनी वळल्यावर मऊ पण आकार धरणारी गोळी झाली पाहिजे. पाण्यात विरघळला तर थांबा, टक्कन वाजला तर उशीर झाला. दुसरी खूण कढईत दिसते. उलथनं फिरवल्यावर बूड क्षणभर स्वच्छ दिसतं, मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागतं आणि कडेला पांढरट फेस सुकायला लागतो.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, आणि पाकाचंही तसंच होतं. मुंबईत जो पाक 117 ला होतो तो पुण्यात 115 ला आणि महाबळेश्वरला 112-113 ला तयार असतो. पुस्तकातला आकडा धरून तिथे आटवत राहिलात तर हमखास भुगा होणार. आधी उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून पाहा. तो 100 पेक्षा जितके अंश कमी दाखवेल तितके पाकाच्या आकड्यातून वजा करा.

गॅस बंद केल्यावर लगेच ओतू नका. खाली उतरवून दोन-तीन मिनिटं घोटा. चकाकी जाऊन मिश्रण मंद, दुधाळ दिसू लागलं की तूप लावलेल्या ताटात ओता आणि तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने झटपट थापा. पाच-सात मिनिटांनी, कोमट असतानाच सुरीने रेघा पाडा. पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलात तर वड्या तुकड्यातुकड्यांनी निघतील.

चिकट राहण्याची कारणं तीन. पाक लवकर उतरवला हे पहिलं. लिंबू पिळलं हे दुसरं, कारण आंबटाने साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ते दाणा धरू देत नाहीत आणि हवेतली ओल ओढतात. गूळ वापरला हे तिसरं. गुळात ही फुटलेली साखर मुळातच असते, म्हणून गुळाचा आलेपाक पावसाळ्यात वडी म्हणून टिकत नाही. तो करायचा तर थंडीत करा, नाहीतर सरळ चाटण म्हणून बरणीत भरा, तेही उत्तम लागतं. चिकट घाणा वाचवायचा असेल तर तो परत कढईत घ्या, दोन चमचे दूध घालून वितळवा, पुन्हा गोळीपर्यंत आणा आणि उतरवल्यावर दोन चमचे पिठीसाखर घालून घोटा. भुगा झाला असेल तर चार चमचे दूध घालून पूर्ण वितळवा आणि या वेळी दोन अंश आधी उतरवा. दोन्ही वेळा घाणा वाचतो, फेकायचं कारण नाही.

साखरेत मुरवलेल्या आल्याच्या चकत्या करायच्या असतील तर नियम एकच: आलं आधी साध्या पाण्यात पूर्ण मऊ शिजलं पाहिजे. 3 मिलिमीटरच्या चकत्या तीस-चाळीस मिनिटं उकळा, सुरीचं टोक आरपार गेलं की मगच साखर. साखरेत पडल्यावर आलं आणखी मऊ होत नाही, उलट घट्ट होतं. घाई केली तर चकत्या चामड्यासारख्या होतात. 250 ग्रॅम आल्याला तितकीच साखर आणि दीड कप पाणी, मंद आचेवर 106-108 अंशांपर्यंत. मग जाळीवर निथळा, चिकट असतानाच साखरेत घोळवा आणि रात्रभर उघड्यावर सुकवा. खाली राहिलेला पाक ओतून देऊ नका, तो लिंबूसोड्यात घालायला सोन्यासारखा आहे.

केकचं दुखणं वेगळं आहे. भट्टीत ओल्या आल्याचा सुवास कमी होतो आणि तिखटपणा सौम्य होतो, म्हणून चमचाभर किसलेलं आलं केकमध्ये हरवून जातं. ते ग्रॅममध्ये, भरपूर घालावं लागतं आणि मागून सुंठीचा आधार द्यावा लागतो. शिवाय पांढऱ्या साखरेच्या हलक्या केकपेक्षा गडद गोडव्यात आलं जास्त खुलतं. इंग्लंडमधला जिंजरब्रेड ट्रीकल नावाच्या काळसर, दाट पाकावर किंवा मळीच्या पाकावर करतात. आपल्याकडे त्या जागी कोल्हापूरकडची काकवी अगदी फिट बसते, आणि माझ्या मते तिची चव ट्रीकलपेक्षा गोल आहे.

18 सेंटिमीटरच्या, निदान 7 सेंटिमीटर उंच गोल टिनसाठी: मैदा 100 ग्रॅम, कणीक 100 ग्रॅम, काकवी 180 ग्रॅम, चिरलेला गूळ 80 ग्रॅम, बिनवासाचं तेल 100 मिली, पाणी 130 मिली, खाण्याचा सोडा 1 सपाट टीस्पून, अंडं 1, ओलं आलं 60 ग्रॅम, सुंठ 1 टीस्पून, दालचिनी अर्धा टीस्पून, मिरपूड पाव टीस्पून, मीठ पाव टीस्पून. अंडं नको असेल तर 4 टेबलस्पून दही घाला आणि पाणी 100 मिलीवर आणा.

आलं किसू नका, बारीक वाटा. किसलेल्याचे दोरे केकच्या कापात लोंबताना दिसतात. काकवी, गूळ आणि तेल कोमट करून गूळ विरघळवा आणि गाळून घ्या, गुळातली कचकच दाताखाली येण्यापेक्षा हे बरं. पाणी उकळून त्यात सोडा टाका. फसफसलेलं ते पाणी काकवीत ओता आणि आलं घाला. मिश्रण कोमट झालं की अंडं फेटून घाला, उकळत्यात घातलं तर त्याची भुर्जी होईल. कोरडे जिन्नस दोनदा चाळून, तीन भागांत, गुठळी मोडेपर्यंतच मिसळा. पीठ भज्यांच्या पिठापेक्षाही पातळ दिसेल, घाबरून मैदा वाढवू नका. काकवी आंबटसर असते आणि सोड्याशी तिचं काम लगेच सुरू होतं, म्हणून भट्टी आधीच तापलेली हवी. पीठ ठेवून दिलं तर वायू निघून जातो आणि केक बसतो. 165-170 अंशांवर 45 ते 50 मिनिटं. 180 वर काकवीची साखर बाहेरून करपते आणि मध्य ओला राहतो. पहिली 35 मिनिटं दार उघडू नका.

केक मध्येच बसला तर बहुतेक वेळा सोडा जास्त पडलेला असतो. साबणासारखी चव आली तर नक्कीच. आणि हा केक त्याच दिवशी कापू नका. कागदात गुंडाळून एक रात्र, शक्यतो दोन, ठेवा. कडा मऊ होतात, मसाला मुरतो आणि आल्याचा जाळ स्पष्ट लागायला लागतो.

बिस्किटांत मात्र ओलं आलं नको. त्यात पाच भागांत चार भाग पाणी असतं आणि बिस्किट खुसखुशीत राहत नाही. 200 ग्रॅम मैद्याला 2 टीस्पून सुंठ, आणि हवी तर वरच्या साखरेतल्या चकत्यांचे बारीक तुकडे. सुंठ अख्खी घ्या. पाच किलो ओल्या आल्याची साधारण एक किलो सुंठ होते. आयती पूड स्वस्त वाटली तरी महिनोन्महिने डब्यात पडलेली असते आणि तिच्यात नुसती धूळ उरते. सुंठेचा तुकडा खलबत्त्यात फोडून, मिक्सरला फिरवून, बारीक चाळणीने चाळा. रामनवमीच्या सुंठवड्यालाही हीच काळजी घ्या: 1 वाटी भाजलेलं किसलेलं सुकं खोबरं, अर्धी वाटी पिठीसाखर, पाव वाटी खारकेची पूड, 2 टेबलस्पून भाजलेली खसखस, 1 टेबलस्पून सुंठ. खोबरं पूर्ण गार झाल्याशिवाय साखर घालू नका, तेल सुटून गोळा होतो.

तिखटामिठाच्या पदार्थांत आलं दोनदा घालावं. निम्मं वाटणात, कांदा गुलाबी झाल्यावर, तेल सुटेपर्यंत परतून. उरलेलं निम्मं पदार्थ उतरवायच्या मिनिटभर आधी, बारीक काड्या करून किंवा नुसता रस पिळून. पहिलं शिजून पोटात गोडसर बैठक देतं, दुसरं नाकाला लागतं. उसळ असो की कोंबडीचा रस्सा, एवढ्या एका बदलाने चव उठते. बटाटेवड्याच्या सारणाला अर्धा किलो बटाट्याला 20 ग्रॅम आलं, मिरची-लसणाबरोबर ठेचून घाला. मिक्सरच्या गुळगुळीत पेस्टपेक्षा ठेचाच बरा, कारण वड्यात मध्येच एखादा कण दाताखाली यायला हवा.

मटणाला अर्ध्या किलोमागे 1 टेबलस्पून ताजं वाटलेलं आलं लावून दोन-तीन तास ठेवा, झिंजिबेन तंतू सैल करतं. शिजवताना आच एकदम वाढवू नका, सावकाश तापलं तर ते जास्त काम करतं. कोंबडीला अर्धा-पाऊण तास पुरे, कोळंबीला दहा मिनिटं. रात्रभर ठेवलेली कोळंबी लगदा होते आणि त्यावर उपाय नाही.

केरळात ओणमच्या पानात वाढतात ती पुळी इंजी आपल्या पंचामृताच्या जवळ जाते आणि आल्याची खरी ताकद दाखवते. 200 ग्रॅम आल्याचे मसुरीएवढे बारीक तुकडे खोबरेल तेलात मध्यम आचेवर तांबूस, कुरकुरीत होईपर्यंत तळायचे. हेच खरं काम आहे, त्याला दहा-बारा मिनिटं द्या. फिकट काढले तर पदार्थ तिखटजाळ होतो, काळे झाले तर कडू. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, हिरव्या मिरच्या, हळद, तिखट, मीठ घालून कोळाचा कच्चा वास जाईपर्यंत उकळा. तळलेलं आलं किंचित कुटून त्यात घाला, 50-60 ग्रॅम गूळ घाला आणि चमच्याला चिकटेल इतकं आटवा. वरून मोहरी, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी. दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

घरातल्या साध्या आलं-लिंबाच्या लोणच्याला 250 ग्रॅम आल्याच्या काड्या, 150 मिली लिंबाचा रस, 30 ग्रॅम मीठ आणि सहा-सात हिरव्या मिरच्या पुरतात. काड्या रसात पूर्ण बुडाल्या पाहिजेत. वर राहिलेल्या काडीलाच बुरशी लागते. कोवळं आलं असेल तर दोन दिवसांत ते गुलाबी होतं. ते खराब झालेलं नसतं, आल्यातलाच रंग आंबटात खुलतो. लसूण घातलेली पेस्ट कधीकधी हिरवट-निळी होते, तीही खायला हरकत नाही. पण आलं-लसणाची पेस्ट तेलात बुडवून कट्ट्यावर ठेवणं खरोखर धोक्याचं आहे. हवा न लागणाऱ्या, आंबट नसलेल्या त्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि वासावरून किंवा रंगावरून ते कळत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर, त्याहून जास्त हवी असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून. अख्खं आलंही न सोलता गोठवता येतं आणि गोठलेलंच किसलं तर दोरे किसणीच्या वरच राहतात.